धर्मशिक्षणाच्या वर्गातला प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण एका प्रश्नापासून सुरू होते. आयतवारचा दिवस आहे, गोव्यातल्या साष्टी भागातले देऊळ, म्हणजे चर्च, आहे, मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मतत्त्वे, शिकवण्याचे काम चालले आहे. तेवढ्यात नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना गाठतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दोतोर्न चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आमच्याकडे पूर्वी पुराणे होती, दिवसातला रिकामा वेळ त्यांच्या श्रवणात जायचा. ती तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही? पाद्रींनी त्याला गप्प केले नाही. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने ओवी आत्मसात केली, मराठीचे वळण बोटांत मुरवून घेतले आणि १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण बाहेर पडले. या ग्रंथाच्या भाषाप्रेमाचे कौतुक आपण नेहमी करतो आणि ते योग्यच आहे. त्याच्या उगमाशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो धर्म सोडायला आलेला नव्हता. हाती आलेली श्रद्धा त्याला अपुरी वाटत होती, आणि ते तो वर्गात, मुलांसमोर, मोठ्याने बोलला.

याच स्टीफन्स यांचे दुसरे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ साली, रायतूरलाच छापले गेले. ते कोकणीतले होते, मुलांना धर्म शिकवण्यासाठी संवादाच्या रूपात रचलेले. त्यातही प्रश्न आहेत आणि उत्तरे आहेत, पण फरक फार मोठा आहे. पुराणाच्या आरंभीचा प्रश्न एका जिवंत माणसाचा आहे आणि त्याचे उत्तर आधी कोणाकडेच तयार नव्हते. प्रश्नोत्तरीतला प्रश्न पुस्तकाने विचारलेला आहे, उत्तरही पुस्तकाने दिलेले आहे, आणि मुलाने दोन्ही पाठ करायचे आहेत. हा दोष एकट्या स्टीफन्स यांच्या पुस्तकाचा नाही. सोळाव्या शतकापासून थेट विसाव्या शतकापर्यंत जगभरच्या कॅथोलिक मुलांनी धर्म असाच शिकला. या पद्धतीने श्रद्धेची शब्दसंपदा पिढ्यान् पिढ्या टिकवली, हे तिचे मोठे उपकार. पण तिने एक सवयही लावली: प्रश्नचिन्ह दिसले की त्याच्यापुढे लगेच उत्तर असणारच, आणि ज्याला तयार उत्तर नाही तो प्रश्न विचारण्याजोगा नाही. वसईतल्या नंदाखालचा, मडगावचा किंवा वांद्र्याचा आजचा तरुण कॅथोलिक या दोन पुस्तकांच्या मधोमध उभा आहे. माझे म्हणणे असे, की त्याची श्रद्धा खोल जाण्याची वाट पहिल्या पुस्तकाच्या बाजूने आहे. तरुणाच्या स्वतःच्या प्रश्नाला जिथे वाव मिळतो तिथे श्रद्धा मुरते, आणि जिथे तो मिळत नाही तिथे ती वाद न घालता, आवाज न करता विरून जाते.

विरून जाणे म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासातून नीट दिसते. सेंट मेरीज प्रेस ही प्रकाशनसंस्था आणि जॉर्जटाउन विद्यापीठाचे कारा हे संशोधन केंद्र यांनी पूर्वी कॅथोलिक असलेल्या आणि आता स्वतःला कॅथोलिक न म्हणवणाऱ्या, १५ ते २५ या वयातल्या तरुणांचा अभ्यास केला. सोडून जाण्याचे मध्यक वय निघाले १३ वर्षे. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत दृढीकरणाच्या आधी, महाविद्यालयाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी, आई-वडिलांबरोबर दर रविवारी मिस्साला जात असतानाच आतला निर्णय होऊन गेलेला होता. संशोधकांनी या तरुणांचे तीन गट केले: दुखावले गेलेले, हळूहळू वाहत दूर गेलेले आणि शिकवणीशी मतभेद असलेले. या तिघांत फक्त तिसरा गट प्रश्न विचारणारा म्हणून ओळखू येतो. दुसरा गट कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही, कारण तो वर्गात शेवटपर्यंत शांत बसलेला असतो, आणि शिक्षकाला शांत विद्यार्थी आवडतो. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार अमेरिकेत कॅथोलिक होणाऱ्या प्रत्येक एका व्यक्तीमागे आठांहून अधिक माणसे ही श्रद्धा सोडून गेलेली आहेत. हे सगळे वाद घालून गेले, असे मानायला काहीच आधार नाही. तेराव्या वर्षी कोणी तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचून धर्म सोडत नाही. त्या वयात एक साधा प्रश्न पडतो, ‘आजी एवढी प्रार्थना करायची, मग तिला असे मरण का आले?’ तो विचारला तर हसे होईल किंवा रागावतील, एवढे मुलाला कळते आणि तो प्रश्न मुकाट्याने गिळून टाकतो.

यावर आपल्याकडचा कोणी म्हणेल, अमेरिकेचे अमेरिकेत, इथली चर्चेस भरलेली आहेत. ती भरलेली आहेत, हे खरेच. पण आपल्याकडे सोडून जाण्याची नोंदच होत नाही, कारण इथे कोणी उघडपणे सोडून जात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे सुमारे १० लाख ८० हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी. गोव्यात हे प्रमाण एक चतुर्थांश. एवढ्या लहान समाजात कॅथोलिक असणे हे श्रद्धेइतकेच आडनाव असते, वाडीतले घर असते, धर्मग्रामाचा सण असतो, लग्नातले गाणे आणि पदार्थ असतात, शेवटी चर्चच्या आवारातली जागा असते. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा ओळखी धर्माच्या आत पुन्हा आहेतच. यातले काहीही प्रश्न पडला म्हणून सुटत नाही, आणि सुटू नये असेच कोणालाही वाटेल. म्हणून इथला तरुण मनाने निघून गेला तरी शरीराने तिथेच राहतो. नाताळला नवे कपडे घालतो, सणाच्या वर्गणीला पैसे देतो, लग्न चर्चमध्येच करतो, आणि क्रूसावरच्या त्या माणसाशी आपले नेमके नाते काय, हा प्रश्न तीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारत नाही. श्रद्धेचे जातीत रूपांतर होते ते असे. भरलेली चर्चेस पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी या भरलेपणाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण रिकाम्या बाकांनी युरोपातल्या ख्रिस्तसभेला निदान जागे तरी केले. आपल्याला तो इशाराही मिळणार नाही.

प्रश्न विचारणे ही आधुनिकतेने बाहेरून आणलेली गोष्ट आहे, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. तिला परंपरेतच उत्तर आहे. भारतीय ख्रिस्ती माणसाला हे तर कोणी सांगायला नको, कारण परंपरेनुसार इसवी सन ५२ मध्ये या देशात आलेला प्रेषित थॉमस म्हणजे बारा जणांतला तोच, ज्याने येशूच्या जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानात तो आठ दिवस त्या अविश्वासासकट इतर शिष्यांबरोबरच राहतो. त्यांनी त्याला बाहेर काढलेले नाही, आणि तोही निघून गेलेला नाही. वसईत सांडोरचे चर्च याच थॉमसच्या नावाचे आहे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचे उदाहरण याहून ठळक. त्याच्या महाग्रंथातले प्रत्येक प्रकरण विरोधी बाजूच्या आक्षेपांनी सुरू होते. देव आहे का, या प्रश्नाच्या आरंभी त्याने दोन आक्षेप मांडले आहेत. जगात एवढे दुःख आणि दुष्टपणा असताना सर्वथा चांगला देव कसा असेल, हा पहिला. निसर्गातल्या गोष्टींची कारणे निसर्गात आणि माणसाच्या कृतींची माणसात सापडतात, मग देव मानायची गरज काय, हा दुसरा. साडेसातशे वर्षांनंतर अकरावीतल्या मुलाला पडणारे प्रश्न नेमके हेच दोन आहेत. संत म्हणून गौरवलेल्या या आचार्याने ते पहिल्या ओळीत घेतले, आणि आपल्या वर्गात ते शेवटच्या बाकावरही चालत नाहीत, याचे मला मनापासून दुःख होते.

लिझ्यूच्या तेरेझा या फ्रेंच संन्यासिनीची कथा मात्र परंपरेच्या दोन्ही बाजू दाखवते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. गुलाबाची फुले हातात घेतलेली तिची गोड तसबीर असंख्य कॅथोलिक घरांतून आहे. ती वारली तेव्हा अवघी २४ वर्षांची होती, म्हणजे आज आपण जिला तरुण पिढी म्हणतो तिच्यातलीच. १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ च्या सप्टेंबरात क्षयाने मृत्यू येईपर्यंतचे दीड वर्ष तिने विलक्षण अंधारात काढले. स्वर्ग नाहीच, मरणानंतर फक्त शून्य आहे, असे विचार तिला छळत राहिले. ज्यांना श्रद्धा नाही अशी माणसे खरोखर असतात, हे आपल्याला आता कळले, आणि त्यांच्याच पंगतीला बसून त्यांची भाकर खायची आपली तयारी आहे, अशा अर्थाचे तिने लिहून ठेवले आहे. या काळात तिने श्रद्धेचा अंगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून जवळ बाळगला. तिचे आत्मकथन १८९८ साली प्रसिद्ध झाले ते मठातल्या तिच्या सख्ख्या बहिणीने बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखित जसेच्या तसे जगापुढे यायला १९५६ साल उजाडले. जवळपास साठ वर्षे जगाने सफाईदार तेरेझा वाचली. हेतू वाईट नव्हता, बहिणीची मायाच होती. पण लाखो तरुण वाचकांना एवढेच कळले, की संतांना शंका शिवत नाही, आणि ज्याअर्थी मला शिवते त्याअर्थी मी संतांच्या वाटेवरचा नाही. मदर तेरेसांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रकाशित झाली तेव्हाही असेच घडले. दशकानुदशके देवाच्या अनुपस्थितीचा अनुभव घेत त्या कोलकात्याच्या रस्त्यांवरून माणसे उचलत होत्या, हे वाचून काहींना धक्का बसला. धक्का बसण्याचे खरे कारण मदरच्या अंधारात नव्हते, तो अंधार बोलून दाखवायची सवय आपण मोडून टाकली होती, त्यात होते.

विज्ञानाच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. इथे अडचण दिसते तेवढी मोठी नाही, फक्त ती प्रामाणिकपणे हाताळावी लागते. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याची सुरुवात एका आदिअणूपासून झाली असावी, हा विचार मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते, हे आता पुष्कळ मुलांना ठाऊक असते. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धान्ताची सांगड बायबलमधल्या निर्मितीशी घातली, तेव्हा ती लमेत्र यांना पटली नाही. विज्ञानाला श्रद्धेचा साक्षीदार करू नये, दोन्ही आपापल्या जागी राहू द्यावे, ही त्यांची भूमिका होती. एका धर्मगुरूने आपल्याच बाजूचा सोयीचा पुरावा नाकारला, हे पंधरा वर्षांच्या मुलीला सांगितले तर तिला जे कळेल ते चमत्कारांच्या दहा चित्रफितींनी कळणार नाही. तिला दिसेल, की या घरात खरे बोलायला परवानगी आहे.

खरी कसोटी लागते ती पुस्तकात उत्तर नसलेल्या प्रश्नांपाशी. फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात, १९५० पासून धर्मगुरू आणि संन्यस्तांकडून लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीनांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असावी, असा अंदाज मांडला. हा अहवाल फ्रेंच बिशपांनी आणि संन्यस्त संघांनी स्वतः नेमलेल्या आयोगाचा आहे. मोबाइल हाती असलेल्या कोणत्याही तरुणाला तो क्षणात सापडतो. भारतातले प्रश्न याशिवाय वेगळे. बाप्तिस्म्याने सगळे समान झाले, तर लग्न जुळवताना जात का विचारली जाते? २०१६ साली भारतीय बिशप परिषदेने दलित ख्रिस्ती समाजासाठीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतल्या जातिभेदाची कबुली दिली आणि ते पाप आहे असे सांगितले. २०१० साली याच परिषदेने स्त्री-पुरुष समानतेचे धोरण आणले होते. धोरणे झाली, चांगली झाली. पण त्यांची ओळख धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीशी होते? रविवारी मिस्सानंतर विनामोबदला वर्ग घेणाऱ्या बहुतेक शिक्षिका आपला आठवड्याचा एकुलता मोकळा वेळ देत असतात. त्यांच्याबद्दल मला केवळ आदर आहे. मात्र सात संस्कारांची नावे शिकवायची तयारी त्यांच्याकडून करून घेतली जाते, आणि ‘स्त्री धर्मगुरू का होऊ शकत नाही?’ असे एखाद्या मुलीने विचारले तर काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग त्या बिचाऱ्या विषय बदलतात. मुलगी समजते, की उत्तर नाही, किंवा आहे ते लाजिरवाणे आहे.

रोमलाही हे उशिरा का होईना जाणवले. मार्च २०१८ मध्ये जगभरातले सुमारे तीनशे तरुण तिथे जमले, इतर हजारोंनी दुरून भाग घेतला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बिशपांची धर्मसभा याच विषयावर भरली. समारोपाच्या मिस्सात पोप फ्रान्सिस यांनी प्रौढांच्या वतीने तरुणांची क्षमा मागितली, आम्ही तुमचे ऐकले नाही म्हणून. पुढच्या मार्चमध्ये सही झालेल्या त्यांच्या पत्रात तरुण ख्रिस्तसभेपासून दूर का जातात याची कारणे सरळ दिली आहेत: लैंगिक आणि आर्थिक गैरप्रकार, तरुणांशी बोलायला अपुरे पडणारे धर्मगुरू, तयारी न करता दिलेली प्रवचने, तरुणांना दिलेली निष्क्रिय भूमिका, आणि आपली शिकवण समाजाला कारणांसह समजावून सांगण्यात ख्रिस्तसभेला येणारी अडचण. हे सगळे पोपच्या सहीने छापलेले असताना तोच मुद्दा धर्मग्रामाच्या सभेत मांडणाऱ्या मुलाला आगाऊ म्हणायचे, यात सुसंगती कुठे आहे?

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते मी हलके लेखत नाही. पहिला आक्षेप अधिकाराचा आहे. कॅथोलिक श्रद्धा ही प्रत्येकाने आपापल्या मनाने रचायची वस्तू नव्हे, ती प्रेषितांपासून सुपूर्द होत आलेली ठेव आहे. प्रश्नांना मोकळे रान दिले तर शेवटी प्रत्येकाचा वेगळा धर्म होईल, आणि पाश्चात्त्य देशांत ज्या पंथांनी काळाबरोबर सगळे काही सैल केले त्यांची बाकेही भरलेली नाहीत. यातले दुसरे निरीक्षण बरोबर आहे, आणि पहिले तर कॅथोलिक असण्याचा गाभाच आहे. पण प्रश्नाला वाव देणे आणि शिकवण सैल करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. २०१९ साली संतपद मिळालेल्या जॉन हेन्री न्यूमन यांनी दीडशे वर्षांपूर्वी हा भेद करून ठेवला आहे. एखादी गोष्ट समजायला अवघड जाणे वेगळे आणि तिच्यावरचा विश्वास उडणे वेगळे, पहिल्या प्रकारच्या कितीही अडचणी एकत्र केल्या तरी दुसरी गोष्ट आपोआप तयार होत नाही, असा त्यांचा आशय होता. अडचण तोंडावर आणू न देण्याने मात्र ती नक्कीच अविश्वासात मुरते. उत्तर ठाम असायला काहीच हरकत नाही. उलट तरुणांना पातळ उत्तरांचा तिटकारा असतो. जुन्या लॅटिन मिस्साकडे, कडक उपवासांकडे, दीर्घ मौनसाधनेकडे ओढली जाणारी मुले जगात अनेक ठिकाणी दिसतात. त्यांना केवळ मागे जायचे आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. गिटार आणि टाळ्यांच्या युवा मेळाव्यात आपल्याला एवढेच का दिले, हा त्यांचाही प्रश्नच आहे, आणि तो क्रिस्तपुराणातल्या ब्राह्मणाच्या फार जवळचा आहे. २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षीपेक्षा ४५ टक्के अधिक, आणि त्यांत १८ ते २५ वयाच्या तरुणांचा वाटा सर्वांत मोठा होता. एवढ्यावरून फ्रान्स पुन्हा श्रद्धाळू झाला असा निष्कर्ष कोणी काढू नये, तिथे तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे वर्षानुवर्षे घटत आले आहेत. पण अत्याचारांचा तो अहवाल आल्यानंतर अवघ्या साडेतीन वर्षांत, सगळे माहीत असताना, ही मुले आली. वाईट बातमी लपवल्यानेच श्रद्धा टिकते, या समजुतीला हा आकडा बळ देत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो भीतीतून येतो आणि ती भीती खोटी नाही. आपण मूठभर आहोत, बाहेर धर्मांतराच्या नावाने संशयाचे वातावरण आहे, अशा वेळी घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची? उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू कसा अध्यक्ष होतो म्हणून केवढा गदारोळ उठला, हे सर्वांनी पाहिले. पण याच दिब्रिटोंच्या आयुष्यात या आक्षेपाचे उत्तरही आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामांना खुली झाली आणि गुंडगिरीने डोके वर काढले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते झग्यानिशी उतरले. धर्मगुरूने मिस्सा सांगावी, राजकारणात पडू नये, असे म्हणणारे बाहेर होते तसे आतही होते. तरीही त्या काळात वसईच्या कितीतरी तरुणांना पहिल्यांदा असे वाटले, की रविवारी ऐकलेल्या शुभवर्तमानाचा सोमवारच्या विहिरीशी, वाडीशी आणि पानवेलीशी काही संबंध आहे. पर्यावरणावरचे पोप फ्रान्सिस यांचे परिपत्रक २०१५ साली आले, वसई त्याच्या पाव शतक आधी तो धडा जगून गेली होती. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून दिब्रिटोंनी संतसाहित्य, इतर धर्म, समाजातले वाद असे सगळे मराठी वाचकांपुढे ठेवले. त्याने समाज दुबळा झाला नाही. शेजाऱ्यांना पहिल्यांदाच कळले, की ही माणसे आपल्याच भाषेत विचार करतात. पुढे पुण्याचे बिशप झालेल्या थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी तुकारामांचा ईश्वरानुभव निवडला, तोही याच धीटपणाचा भाग. मूठभरांनी मूठ आवळून बसावे, हा सल्ला सुरक्षित वाटतो, पण आवळलेल्या मुठीत मुलांची बोटे आधी गुदमरतात.

भाषेचा मुद्दा इथे आपसूक येतो. आजच्या वसईतल्या पुष्कळ मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची, घरची बोली कादोडी किंवा वाडवळी, मिस्सा मराठीत. त्यांच्या शंका इंग्रजीत तयार होतात, कारण त्या इंग्रजी पुस्तकांतून आणि पडद्यावरून येतात, आणि प्रार्थना ज्या मराठीत होते ती त्यांना सणासुदीच्या कपड्यांसारखी वाटते. प्रश्न एका भाषेत आणि श्रद्धा दुसऱ्या भाषेत, अशी फाळणी झाली की दोघांची गाठच पडत नाही. या बाबतीत आपल्यापुढे एका मराठी बाईचे उदाहरण आहे. ती कॅथोलिक नव्हती, पण तिच्याइतके प्रखर प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसांत क्वचितच कोणी विचारले असतील. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली, वयाच्या पंचविशीत, इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगेचच तिथल्या भगिनींशी त्रैक्य, धर्मसत्तेचा अधिकार, स्वतःच्या विवेकबुद्धीचे स्थान यांवर पत्रांतून वाद मांडला. त्यांतल्या सिस्टर जेराल्डीन यांना ती उद्धट वाटली, त्यांना तिच्या श्रद्धेची काळजी लागली. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटून आले आहे, दुसरीचे जू मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंचा सूर होता. ही बाई पुढे कुठे गेली? आयुष्याची शेवटची वर्षे तिने संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत आणण्यात घालवली, त्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येण्याआधी ते काम पुरे केले. तिचे प्रश्न आणि तिचे भाषांतर ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मागेही हीच तळमळ होती: जो ग्रंथ कळत नाही त्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही तो आपला होत नाही.

मग करायचे काय? फार मोठ्या योजनांची गरज मला वाटत नाही. दृढीकरणाच्या तयारीच्या वर्षात काही रविवार पुस्तक बंद ठेवावे आणि मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर लिहिलेले प्रश्न तेवढे वाचावेत. कादोडीत लिहिलेले असोत की इंग्रजीत, जसेच्या तसे. ज्याचे उत्तर येते ते द्यावे, येत नाही तिथे ‘मला माहीत नाही, पुढच्या आठवड्यात शोधून आणते’ म्हणावे, आणि खरोखर आणावे. फादरांनी त्या वर्गात मागे बसावे. सेमिनरीत वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाकडे त्या चिठ्ठ्यांतल्या बहुतेक प्रश्नांवर बोलण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते रविवारच्या दहा मिनिटांच्या प्रवचनात कधीच येत नाही. ज्या चिठ्ठीवर ख्रिस्तसभेच्या चुकीबद्दल विचारले असेल तिच्यावर चूक झाली असे सांगावे. यासाठी पैसे लागत नाहीत, इमारत लागत नाही. वेळ लागतो, आणि मुलाचा प्रश्न ऐकताना आपला चेहरा कडवट होऊ न देण्याची थोडी साधना लागते.

रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणाची मूळ छापील प्रत आज एकही उरलेली नाही. पोर्तुगीज सत्तेने पुढे देशी भाषांवर बंधने आणली, १६८४ साली तर स्थानिक बोली मोडून काढण्याचा हुकूमच निघाला, आणि इन्क्विझिशनच्या भीतीने लोकांनी घरातली पुस्तके नाहीशी केली. तरी हे पुराण टिकले, कारण गोव्यातल्या आणि मंगळूरकडच्या माणसांनी ते हाताने उतरवून घेतले आणि पिढ्यान् पिढ्या वाचले. अशाच प्रतींवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. त्या हस्तलिखितांत पहिल्याच अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, तो ब्राह्मण अजून उभा आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलेले पुराण छापून झाले तेव्हा पाद्री ६७ वर्षांचे होते.